पाच किलोवॅट पुरतील का? पाड्याच्या विजेबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात वाडी-पाड्यांवर गावकऱ्यांनी मिळून चालवायच्या सौर वीजजाळ्याबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. ज्यांनी घरांची संख्या, अंतरं आणि कोटेशनमधले आकडे कळवले, त्यांना नेमकं उत्तर देता आलं. पुढे लिहिताना सर्वांनीच ते कळवावेत.

प्रश्न : आमच्या पाड्यावर ४२ घरं, एक अंगणवाडी आणि एक शाळाखोली आहे. एका पुरवठादाराने ५ किलोवॅटचं कोटेशन दिलंय आणि "सगळं आरामात चालेल" म्हणतो. पिठाची गिरणी आणि पिण्याच्या पाण्याचा पंपही त्यावरच चालवायचा आहे. एवढ्यात भागेल का?
— वाचक, अक्कलकुवा तालुका, नंदुरबार

नाही भागणार. का ते सविस्तर सांगतो, कारण हा हिशेब तुम्हाला स्वतःला करता आला तरच पुरवठादाराशी बोलता येईल.

किलोवॅट आधी ठरवू नका. आधी वही घ्या आणि घरोघर जाऊन तीन गोष्टी लिहा: काय चालणार, किती वॅटचं, आणि दिवसातून किती तास. तास लिहिताना ते दिवसाचे की रात्रीचे हेही लिहा. बहुतेक ठिकाणी हा शेवटचा रकाना राहून जातो, आणि पुढे बॅटरी चुकते ती तिथेच.

तुमच्यासारख्या पाड्याचा अंदाज मांडू. एका घरात ७ वॅटचे ३ एलईडी दिवे ५ तास, म्हणजे १०५ वॅट-तास. बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० वॅटचा, ८ तास: २४०. मोबाइलचं चार्जिंग २०. एका घराचे झाले ३६५. साधा जुना पंखा ७० ते ७५ वॅट खातो. त्यामुळे घरोघरी बीएलडीसी पंखे देणं हा प्रकल्पाच्या खर्चातलाच भाग धरा. प्लेटा आणि बॅटरी वाढवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

हजार वॅट-तासांचं एक युनिट, म्हणजे ४२ घरांचे १५.३ युनिट. पंधरा घरी टीव्ही धरला (४० वॅट, ३ तास) तर १.८. रस्त्यावरचे १५ वॅटचे ८ दिवे ११ तास: १.३. अंगणवाडी आणि शाळा मिळून १. इथवर बेरीज साधारण १९.५ युनिट. आता दिवसाची कामं. ३ एचपीची गिरणी चालताना सुमारे २.७ किलोवॅट घेते. ३ तास चालली तर ८ युनिट. १ एचपीचा पंप ३ तास: ३.३ युनिट. एकूण झाले ३०.८. तारांमधली तूट आणि पुढच्या दोन-तीन वर्षांची वाढ यासाठी पाव हिस्सा वर धरा, म्हणजे रोज ३८ युनिटांची सोय हवी.

महाराष्ट्रात १ किलोवॅट प्लेटा वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिटांच्या आसपास देतात. बॅटरीत जाऊन परत येताना आणि इन्व्हर्टरमधून जाताना त्यातले काही कमी होतात. हाती लागतात ३.३ धरावेत. ३८ ला ३.३ ने भागलं की साडेअकरा येतात. म्हणजे १२ किलोवॅट. ५४० वॅटच्या २२ प्लेटा, दक्षिणेकडे तोंड, सुमारे २० अंशांचा उतार, आणि मोकळी जागा १२० ते १५० चौरस मीटर.

५ किलोवॅट तुम्हाला दिवसाला १६-१७ युनिट देतील. गिरणी आणि पंप बाजूला ठेवले तरी घरांचीच गरज त्याहून जास्त आहे. पुरवठादार खोटं बोलत नसेल. पहिल्या महिन्यात, उन्हाळ्यात, नव्या बॅटरीवर, फक्त दिवे लावून त्याला "सगळं" चालतानाही दिसेल. जुलै उजाडला की रात्री दहाला अंधार.

कारण खरी परीक्षा पावसाळ्याची. सातपुड्यात जुलै-ऑगस्टमध्ये १ किलोवॅटमागे दोन-सव्वादोन युनिट मिळाले तरी पुष्कळ. १२ किलोवॅटचे २६, त्यातले वापरायला २२. घरांचे १९.५ त्यात बसतात, गिरणी बसत नाही. म्हणून नियम आत्ताच ठरवा: पावसाळ्यात ऊन पडेल त्या दिवशीच गिरणी, आणि एरवीही गिरणी-पंप सकाळी ११ ते दुपारी ३ मध्येच. त्या वेळी वीज प्लेटांवरून थेट मोटरला जाते, बॅटरीची झीज होत नाही. हा नियम ग्रामसभेच्या ठरावात लिहून ठेवा. गिरणीचा प्रश्न पाड्यावर भांडणाचा होतो, म्हणून तो वीज यायच्या आधी सोडवलेला बरा.

बॅटरी किती? १९.५ पैकी सुमारे १६.५ युनिट सूर्य मावळल्यानंतर लागतात. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत वापरायची आणि इन्व्हर्टरची तूट धरायची, तर एका रात्रीला २२ युनिटांची बॅटरी लागते. एक रात्र पुरत नाही. दीड रात्र धरा, म्हणजे ३४. बाजारात ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांचे संच मिळतात, प्रत्येकी ५.१२ युनिटांचे. असे ७ लागतील.

इन्व्हर्टर एकच मोठा १५ केव्हीएचा घेण्यापेक्षा ५ केव्हीएचे तीन घ्या, तीन फेजवर एकेक, आणि पाड्याच्या तीन वस्त्या तीन फेजवर वाटा. एक बिघडला तर दोन वस्त्यांत दिवे राहतात, आणि बंद पडलेल्या वस्तीची जोडणी दुरुस्ती होईपर्यंत दुसऱ्या फेजवर घेता येते. अर्थात एक फेज नसेल तोवर गिरणीची तीन फेजची मोटर चालवायची नाही.

गिरणीबद्दल आणखी एक. मोटर थेट चालू केली तर पहिल्या क्षणी ती पाच-सहा पट प्रवाह ओढते. ३ एचपीच्या मोटरला प्रत्येक फेजवर साडेसहा केव्हीएचा झटका बसतो, त्याच वेळी घरांचे पंखे चालू असतात आणि इन्व्हर्टर ट्रिप होतो. लोक म्हणतात, इन्व्हर्टर खराब निघाला. इन्व्हर्टरचा दोष नसतो. गिरणीला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) बसवा, दहा सेकंदांत हळूहळू वेग घेईल असं लावा. कोटेशनमध्ये ही ओळ नसेल तर घालून घ्या.

प्रश्न : प्लेटा आणि बॅटरीची खोली कुठे बांधावी? एक जण पाड्याच्या टोकाला फुकट जागा द्यायला तयार आहे. तिथून शेवटचं घर ३५० मीटरवर पडतं. शिवाय कोणी म्हणतं की ४८ व्होल्ट डीसीच ओढावी, शॉकची भीती नाही.
— वाचक, धडगाव तालुका

जागा फुकट असली तरी तिची किंमत तारेत भरावी लागते. हिशेब असा. १६ चौरस मिलिमीटरच्या ॲल्युमिनियम केबलचा रोध किलोमीटरला १.९१ ओहम असतो. वीज ३५० मीटर जाते आणि तितकीच परत येते, म्हणजे ७०० मीटर, १.३४ ओहम. टोकाला दीड किलोवॅटचा भार असेल तर २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर वाहतात आणि ८.७ व्होल्ट वाटेत पडतात. जवळजवळ ४ टक्के, चालेल. पण टोकाला ३ किलोवॅट असले तर १७ व्होल्ट पडतात, साडेसात टक्के. लघुदाबाला, म्हणजे घरगुती विजेच्या लाइनला, मान्य मर्यादा ६ टक्के आहे. मग ३५ चौरस मिलिमीटरची केबल घ्यावी लागते. तिच्यात हीच घट ८ व्होल्टवर येते, पण ती महाग आणि जड. म्हणून पाड्याचा नकाशा काढा, भार जिथे एकवटतो त्याच्या मध्याजवळ खोली धरा, आणि गिरणी खोलीला लागूनच बसवा. जागा गावठाणात किंवा ग्रामपंचायतीच्या नावावर असावी. खासगी असेल तर निदान २० वर्षांचा नोंदणीकृत करार हवा. तोंडी दिलेली जागा जमिनीच्या वाटण्या होताना परत मागितली जाते.

४८ व्होल्टचं म्हणाल तर तेच दीड किलोवॅट ४८ व्होल्टवर न्यायला ३१ अँपिअर लागतील. त्या १६ च्या तारेत ४२ व्होल्ट गळतील, घरात काहीच पोहोचणार नाही. डीसी चांगली आहे ती एका घरापुरती, किंवा तीस-चाळीस मीटरच्या आतल्या चार घरांपुरती. जाळं करायचं तर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ.

शॉकची भीती खरी आहे आणि तिचा उपाय वेगळा आहे. उघड्या तारा नकोत, एरियल बंच्ड केबल (वेष्टन असलेल्या तारा एकत्र पिळलेली) वापरा. फांदी पडली तरी ती सहसा तुटत नाही आणि आकडाही टाकता येत नाही. रस्ता ओलांडताना ती जमिनीपासून ५.८ मीटरपेक्षा खाली नको. कडब्याने भरलेली गाडी डोळ्यांपुढे आणा म्हणजे आकडा पटेल. प्रत्येक घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच ती तोडणारा स्विच) बसवा. प्लेटांच्या सांगाड्याला, एसी बाजूला आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणाऱ्या वीजरोधकाला वेगवेगळं अर्थिंग द्या, आणि मग सगळी अर्थिंग जमिनीखाली एकमेकांना पट्टीने जोडा. अर्थिंगचा रोध ५ ओहमच्या खाली हवा. तुमच्याकडच्या काळ्या कातळात साधी सळई ठोकून तो मिळत नाही. बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरून खड्डा करा, गरज पडली तर दोन-तीन खड्डे जोडा, आणि एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडी असताना मोजा. पावसाळ्यात मोजलेला आकडा नेहमीच चांगला येतो.

प्रश्न : आमच्या वाडीत चार वर्षांपूर्वी सौर जाळं झालं. १२ व्होल्टच्या ट्यूब्युलर बॅटऱ्या होत्या, चार बॅटऱ्यांची एक माळ अशा पाच माळा. दोन वर्षांतच रात्री आठनंतर वीज टिकेना. आता सगळं बंद आहे. कंपनीवाले म्हणतात, वापर जास्त झाला. खरं काय?
— वाचक, मेळघाट

वापर जास्त झाला असेल, पण फक्त त्याने दोन वर्षांत बॅटरी मरत नाही. तुमच्या पत्रातच दोन कारणं दिसतात आणि बाकीची तुम्हाला तपासता येतील.

पाच माळा समांतर जोडणं हेच पहिलं कारण. माळा कधीच अगदी सारख्या नसतात. एक आधी भरते, दुसरी अर्धीच राहते, रात्री भरलेली माळ रिकामीला पाजत बसते. तीनपेक्षा जास्त माळा समांतर करू नयेत. एवढी क्षमता हवी असेल तर २ व्होल्टचे मोठे सेल घ्यावेत: २४ सेलची एकच माळ, ४८ व्होल्ट, १००० अँपिअर-तासांची. यात एक सेल गेला तर तेवढाच बदलता येतो.

दुसरं कारण तुम्ही पुढे लिहिलंय की खोली पत्र्याची आहे. २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. मेळघाटात मे महिन्यात पत्र्याखाली किती तापतं हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. भिंती जाड असोत, छत कौलारू किंवा गवताचा थर दिलेलं असो, वर आणि खाली समोरासमोर झरोके असोत. झरोके गारव्यासाठी तर हवेतच, पण चार्जिंगच्या वेळी निघणारा हायड्रोजन बाहेर जाण्यासाठीही हवेत. त्या खोलीत विडी नको.

आता तपासा. कमी व्होल्टेजला वीज तोडणारी सोय कोणी बायपास केली आहे का? लग्नाच्या एखाद्या रात्री हे केलं जातं आणि नंतर कोणी पूर्ववत करत नाही. ४८ व्होल्टच्या संचात भार चालू असताना ४७ च्या आसपास वीज तोडली गेली पाहिजे. ४४ पर्यंत खेचत राहिलात तर बॅटरी दर रात्री पूर्ण रिकामी होते. हायड्रोमीटरने प्रत्येक सेलची घनता पाहा: सौर ट्यूब्युलर पूर्ण भरल्यावर १.२४० च्या आसपास दाखवते. भरूनही १.१८० च्या वर न चढणारे सेल एकाच माळेत असतील तर ती माळ काढा. सगळीकडे सारखेच कमी असतील तर त्या कधी पूर्ण भरल्याच नाहीत, म्हणजे प्लेटा कमी पडल्या. अर्धवट भरलेल्या बॅटरीत शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण खडे धरतात. पावसाळ्याचे तीन महिने असे गेले की ते विरघळत नाहीत. महिन्यातून एकदा, चांगल्या उन्हाच्या दिवशी, ५९-६० व्होल्टपर्यंत चढवून तीन-चार तास ठेवायचं असतं. हे चार्ज कंट्रोलरमध्ये लावता येतं, पण लावलेलं आहे का ते पाहायला हवं.

आणि पाणी. डिस्टिल्डच. विहिरीचं पाणी एकदा घातलं तरी त्यातले क्षार आत कायमचे राहतात.

नव्याने उभारताना निम्म्या जुन्या, निम्म्या नव्या बॅटऱ्या घालायचा मोह होईल. घालू नका, जुन्या नव्यांना वर्षभरात आपल्यासारखं करतात. प्लेटा मात्र बहुधा ठणठणीत असतील. २५ वर्षं चालणारी वस्तू आहे ती. दुपारी बारा वाजता प्रत्येक माळेचं व्होल्टेज आणि प्रवाह मोजा, त्या आहेत तशा वापरता येतील.

प्रश्न : (अक्कलकुव्याच्याच वाचकांचा दुसरा प्रश्न) बॅटरीचा खर्च ५ लाख ४० हजार आणि तिन्ही इन्व्हर्टरचा १ लाख ८० हजार असा कोटेशनमध्ये धरला आहे. उभारणीला निधी मिळेल. मग गावकऱ्यांनी महिन्याला किती भरायचं? लोक म्हणतात ऊन फुकट आहे, मग पैसे कशाचे?

पैसे उन्हाचे नाहीत, दुसऱ्या बॅटरीचे. पहिली निधीतून येते. दुसरीला कोणी देत नाही.

लिथियम बॅटरी दहा वर्षं चालू शकते. तुम्ही आठ धरा. ५,४०,००० भागिले ९६ महिने, ५,६२५ रुपये. इन्व्हर्टर सात वर्षं: २,१४३. देखरेख करणाऱ्याचं मानधन ५,०००. किरकोळ दुरुस्ती, फ्यूज, मीटर: १,५००. बेरीज १४,२६८ रुपये महिना. विकली जाईल आणि वसूल होईल अशी वीज महिन्याला ८०० युनिट धरा, रोजच्या ३०.८ प्रमाणे होणारे पूर्ण ९२० धरू नका.

दर दोन भागांत ठेवा. प्रत्येक जोडणीला १०० रुपये स्थिर आकार, म्हणजे ४,२००. राहिलेले १०,०६८ आठशे युनिटांवर वाटले तर युनिट १२ रुपये ५८ पैसे, म्हणजे १३ रुपये. साधं घर महिन्याला ११ युनिट वापरतं. त्याचं बिल १०० अधिक १४३, २४३ रुपये. रॉकेल, बॅटरीचे सेल, मोबाइल चार्ज करायला बाजारात दिलेले पैसे यांची बेरीज त्याच वहीत घरोघर लिहून घ्या आणि ग्रामसभेत दोन्ही आकडे शेजारी मांडा. रस्त्यावरच्या दिव्यांचं बिल ग्रामपंचायतीने भरायचं, गिरणीचं गिरणी चालवणाऱ्या बचत गटाने.

स्थिर आकाराला विरोध होतो, तरी तो सोडू नका. रोजगारासाठी चार महिने गुजरातेत किंवा ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचं घर बंद असतं, पण बॅटरी त्याही महिन्यांत म्हातारी होत असते. फार तर स्थलांतराच्या काळात स्थिर आकार निम्मा करा, आणि बाहेर जाण्याआधीच भरून घ्या.

बॅटरी आणि इन्व्हर्टरचे मिळून ७,७६८ रुपये दर महिन्याच्या दहा तारखेला वेगळ्या खात्यात गेले पाहिजेत. खातं तिघांच्या सहीचं ठेवा, त्यात निदान एक बाई असावी, आणि ठेव मुदतीची करा. गावात जत्रा आली, मंदिराचं छप्पर उडालं, कोणाचं आजारपण निघालं की हाताशी असलेले पैसे वापरले जातात. हेतू चांगलाच असतो, आणि आठ वर्षांनी बॅटरी येत नाही.

पुणे जिल्ह्यात दरेवाडी इथे २०१२ साली ९.४ किलोवॅटचं असं जाळं सुमारे ४० घरांसाठी उभं राहिलं. तिथे जाळं गावाच्या विश्वस्त मंडळाच्या हाती दिलं, घरोघरी मीटर बसवले आणि वापराप्रमाणे पैसे घेतले. मीटर नसलेल्या जाळ्यात "सगळ्यांना सारखे पन्नास रुपये" असं ठरतं आणि ज्याच्याकडे एकच दिवा आहे तो पहिल्यांदा भरणं थांबवतो. त्याचं बरोबरच असतं.

प्रश्न : आमच्या वाडीशेजारी ओढा आहे. जून ते डिसेंबर चांगला वाहतो. वरचा डोह आणि खालची सपाटी यांत ३० मीटरचा फरक आहे, अंतर १५० मीटर. ऑक्टोबरात पाइप लावून पाहिला तर २०० लिटरचं पिंप १३ सेकंदांत भरलं. यावर वीज होईल का?
— वाचक, भोर तालुका, पुणे

इतकं नीट मोजून लिहिलेलं पत्र क्वचित येतं. होईल, आणि सौरला उत्तम जोड होईल.

तुमचा ओढा सेकंदाला १५ लिटर देतो. सगळा वळवू नका. खाली गुरं आहेत, कोणाच्या विहिरीचा झरा त्यावर आहे. १० लिटर घ्या. १५० मीटर लांबीत ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप वापरलात तर घर्षणात सुमारे २ मीटर उंची जाते, ९० चा वापरलात तर ५ मीटरहून जास्त. पाइपाचे चार पैसे इथे वाचवू नका. राहिली २८ मीटर. ९.८१ गुणिले १० गुणिले २८, आणि छोट्या टर्बाइन-जनित्राची कार्यक्षमता निम्मी धरा: १,३७० वॅट.

आकडा लहान वाटतो. पण ओढा रात्रीही वाहतो. २४ तासांचे ३३ युनिट होतात. वर अक्कलकुव्याच्या उत्तरात १२ किलोवॅटच्या प्लेटा पावसाळ्यात २२ युनिट देतात असं आलंय, ते शेजारी ठेवून पाहा. ढगांमुळे प्लेटा मंदावतात तेव्हाच ओढा भरून वाहतो, आणि जानेवारीत ओढा आटतो तेव्हा ऊन असतं. सह्याद्रीच्या उतारावरच्या वाड्यांना निसर्गाने हे दिलंय आणि आपण ते फार कमी वापरलंय, याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं. दोन्ही असतील तर प्लेटा आणि बॅटरी पुष्कळ लहान घेऊन भागतं.

करताना काय बिघडतं ते सांगतो. पहिलं, पानं. पाणी घेण्याच्या तोंडाशी तिरपी जाळी लावा, आणि तिच्यापुढे निदान एक घनमीटरची टाकी ठेवा, म्हणजे वाळू तिथे बसेल. सप्टेंबरपर्यंत जाळी रोज साफ करावी लागेल. हे काम कोणाचं ते आधी ठरवा. दुसरं, पाइपात हवा शिरली की टर्बाइन धडधडतं, म्हणून पाइपाचं तोंड पाण्याखाली निदान अर्धा मीटर असू द्या. तिसरं, रात्री अकराला सगळे झोपले, भार उतरला, की टर्बाइन पळत सुटतं, व्होल्टेज चढतं आणि दिवे जळतात. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक लोड कंट्रोलर लागतो. तो उरलेली वीज पाणी तापवणाऱ्या कॉइलमध्ये घालतो. अंगणवाडीला सकाळी गरम पाणी मिळेल. खालचा झडप एकदम बंद करू नका, पाण्याच्या दणक्याने पाइपाचे सांधे उखडतात. झडप फिरवायला अर्धा मिनिट तरी घ्या.

आणि यंत्रघर पुराच्या रेषेच्या वर. गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा की पाणी कुठवर आलेलं आठवतं, आणि त्याच्याही वर दोन मीटर जा. तेवढी उंची गमावली तरी चालेल. नंदुरबार जिल्ह्यातल्या बिलगाव इथे २००३ साली गावकऱ्यांनी श्रमदानातून १५ किलोवॅटचा जलविद्युत प्रकल्प उभा केला होता. महाराष्ट्रात अशा कामाचं ते सुंदर उदाहरण होतं. २००६ च्या पावसाळ्यात तो पुराच्या पाण्यात गेला.

प्रश्न : पुढच्या वर्षी महावितरणची लाइन येणार असं ऐकतो. मग आमचं जाळं वाया जाईल का? आणि असं जाळं चालवायला परवाना लागतो का?
— वाचक, एटापल्ली तालुका, गडचिरोली

परवान्याचं आधी. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १४ मध्ये तरतूद आहे की राज्य सरकारने अधिसूचित केलेल्या ग्रामीण भागात वीज निर्माण करून वाटायची असेल तर परवाना लागत नाही. सुरक्षेचे नियम मात्र कलम ५३ प्रमाणे पाळावेच लागतात. म्हणून उभारणी परवानाधारक ठेकेदाराकडून करून घ्या आणि विद्युत निरीक्षकांकडे लेखी कळवा. हेही लक्षात असू द्या की तुमचं जाळं आहे म्हणून महावितरणकडे जोडणी मागायचा हक्क जात नाही. कलम ४३ प्रमाणे मागेल त्याला जोडणी देणं हे वितरण कंपनीचं कर्तव्य आहे. कोणी "तुमच्याकडे सोलर आहे" म्हणून अर्ज घेत नसेल तर हे कलम अर्जात लिहा.

लाइन आली तर लोक तिकडे जातील. कमी वापराच्या घराला महावितरणचा दर तुमच्या १३ रुपयांपेक्षा स्वस्त पडतो, आणि त्यात रागवण्यासारखं काही नाही. जाळं वाया जाऊ नये असं वाटत असेल तर आत्ताच चार गोष्टी करा. खांब, केबल, मीटर हे महावितरणच्या प्रमाणांप्रमाणे घ्या, म्हणजे पुढे तीच लाइन वापरता येईल. इन्व्हर्टर हायब्रिड घ्या, जो आज एकटा चालेल आणि उद्या ग्रिडशी, म्हणजे महावितरणच्या जाळ्याशी, जोडता येईल. निधी देणाऱ्या संस्थेशी करारात लिहून घ्या की ग्रिड आल्यावर प्लेटांचा मालक ग्रामपंचायत असेल. आणि गिरणी, पंप, दूध थंड करायची टाकी अशी दिवसाची कामं जाळ्यावर वाढवा. दुपारची तुमची वीज बॅटरीतून येत नाही, म्हणून ती स्वस्त विकता येते. जंगलातून आलेली लाइन पावसाळ्यात अनेकदा दिवसचे दिवस बंद असते, तेव्हा बॅटरीवर निदान दिवे, दवाखान्यातली लशींची पेटी आणि पाणी चालू राहील.

एक धोका जिवाचा आहे. एकाच घरात दोन्ही विजा आल्या तर त्या कधीही एकत्र जोडू नका. तुमचा इन्व्हर्टर उलटा महावितरणच्या तारेत वीज सोडेल आणि लाइन बंद आहे असं समजून खांबावर चढलेला वायरमन मरेल. खोलीत चार पोलचा चेंजओव्हर स्विच लावा, एका वेळी एकच वीज घेऊ देणारा आणि न्यूट्रलही तोडणारा. ग्रिडला जोडणी करायची तर परवानगी घेऊनच, आणि लाइन गेल्यावर आपोआप सुटणाऱ्या इन्व्हर्टरनेच.

प्रश्न : आमची ग्रामपंचायत मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेला गायरान देऊ शकते का? मग गावाला वेगळ्या जाळ्याची गरज उरणार नाही ना?
— वाचक, सोलापूर जिल्हा

जागा देण्याचा विचार जरूर करा. योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये भाडं आणि दरवर्षी ३ टक्के वाढ आहे. प्रकल्प होणाऱ्या ग्रामपंचायतीला तीन वर्षं दरवर्षी ५ लाखांचं अनुदान आहे. उपकेंद्र जवळ असावं लागतं. पण त्या प्रकल्पाची वीज शेतीच्या फीडरला, म्हणजे शेतपंपांच्या वेगळ्या लाइनला, दिवसा जाते. रात्री घरातली लाइट गेली तर तो काही करू शकत नाही. गायरान देण्याआधी गावातली गुरं कुठे चरतात ते ग्रामसभेत विचारा, मेंढपाळांना बोलावून.

प्रश्न : एक-दोन घरं चोरून हीटर आणि शेगडी लावतात. सगळ्यांची वीज जाते. काय करावं?
— वाचक, पेठ तालुका, नाशिक

प्रत्येक घराला २ अँपिअरचा एमसीबी (भार वाढला की आपोआप वीज तोडणारा स्विच) द्या, खांबावरच्या कुलूपबंद पेटीत, घरात नव्हे. ४६० वॅटच्या वर गेलं की हळूहळू तापून त्याच घराची वीज तुटते, शेजाऱ्याची नाही. हीटर १,००० वॅटचा असतो, मिनिटा-दोन मिनिटांत कळतं. पहिल्या वेळी देखरेख करणाऱ्याने जाऊन समजावून सांगावं. बऱ्याच वेळा घरात बाळंतीण असते आणि पाणी तापवायला दुसरी सोय नसते. तशा घराला दुपारी १२ ते २ मध्ये खोलीवर पाणी तापवून द्या, त्या वेळी वीज उरलेली असते.

प्रश्न : प्लेटा किती दिवसांनी धुवाव्यात?
— वाचक, संगमनेर

नोव्हेंबर ते मे दर पंधरा दिवसांनी. जवळ कच्चा रस्ता किंवा खडी क्रशर असेल तर आठवड्याने. पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर, साध्या पाण्याने, मऊ फडक्याने. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका. बोअरचं जड पाणी असेल तर लगेच पुसून घ्या, नाहीतर क्षारांचे पांढरे डाग राहतात आणि ते घासून निघत नाहीत. प्लेटांवर पाय देऊ नका. वरून काही दिसत नाही, पण आतले सेल तडकतात. धुण्याइतकंच सावलीकडे पाहा. एका प्लेटच्या कोपऱ्यावर आलेली बाभळीची फांदी अख्ख्या माळेची वीज कमी करते. डिसेंबरमध्ये सूर्य दक्षिणेला खाली उतरतो, तेव्हा सकाळी नऊ आणि दुपारी चार वाजता तिथे उभं राहून सावली कुठवर येते ते पाहा आणि फांद्या त्याप्रमाणे छाटा.